दुर्बिणीचा खांब : मजबुती आणि ताठरता

तुमसर तालुक्यातील नाकाडोंगरीच्या परिसरात चिखला आणि डोंगरी बुजुर्ग येथे मँगनीजच्या खाणी आहेत. या खनिजाचा मुख्य उपयोग पोलादनिर्मितीत होतो आणि योग्य प्रमाणातील मँगनीजामुळे पोलादाची मजबुती वाढते. तेव्हा शाळेच्या आवारात दुर्बिणीसाठी खांब उभारावयाचा झाल्यास उंची प्रतीचे पोलाद आणावे, असे कोणासही वाटेल. खर्चाचा पहिला अपव्यय येथेच होतो.

मजबुती म्हणजे न मोडणे; ताठरता म्हणजे न लवणे. दुर्बिणीच्या भाराने खांब मोडण्याचा प्रसंग सहसा येतच नाही. तो किंचित लवतो, थरथरतो आणि तेवढ्याने निरीक्षण वाया जाते. गुरूचे बिंब आकाशात सुमारे ४० विकलांचे असते. एक मीटर उंचीच्या खांबाचा माथा मिलिमीटरच्या अवघ्या दोनशेव्या भागाने कलला, तरी दुर्बिणीचा रोख जवळजवळ एका विकलेने ढळतो. हाताचा धक्का किंवा वारा याहून कितीतरी अधिक हालचाल घडवितो. मग रांगेत तासभर तिष्ठलेल्या विद्यार्थ्याला गुरूऐवजी नाचणारा ठिपका दिसतो.

ताठरतेच्या बाबतीत साध्या आणि भारी पोलादात नाव घेण्याजोगा फरक नाही. फरक पडतो तो आकाराने. भिंतीची जाडी तीच ठेवून नळीचा व्यास दुप्पट केला, तर वजन दुप्पट होते, पण ताठरता सुमारे आठपट होते. उलट, उंची दुप्पट केल्यास माथा आठपट लवतो. म्हणून खांब आखूड आणि मोठ्या घेराचा असावा. विंधन विहिरीसाठी वापरतात ती लोखंडी केसिंग नळी या कामी चांगली. ६ इंचीऐवजी तेवढ्याच जाडीची ८ इंची घेतल्यास ताठरता दुपटीहून अधिक होते.

नळी उत्तम असूनही खांब हलतो, तेव्हा दोष बहुधा टोकांशी असतो. बुंध्याशी त्रिकोणी पट्ट्या वेल्ड कराव्यात. माथ्याची तबकडी लांब बोल्टांवर अधांतरी ठेवल्याने पातळी साधणे सोपे जाते खरे, पण मग ते बोल्टच लवतात.

पाया जमिनीत घ्यावा, शाळेच्या गच्चीवर नव्हे. भोवतालच्या फरशीशी त्याचा स्पर्श नसावा. मध्ये दोन बोटे फट सोडली म्हणजे पावलांचे हादरे खांबापर्यंत पोहोचत नाहीत. नळीत वाळू भरण्याची पद्धत आहे. तिने ताठरता वाढत नाही. थरथर लवकर शमते, इतकेच. मात्र वाळू पूर्ण कोरडी हवी, अन्यथा नळीला आतून गंज चढतो आणि तो बाहेरून दिसत नाही.