केप टाउन : समुद्राकाठचे शहर आणि पाण्याची रांग

(बी. ए. द्वितीय वर्ष)

भूमध्य सागरी हवामानाचा अभ्यास करताना दक्षिण आफ्रिकेतील केप टाउन या शहराचे नाव येते. 'हिवाळ्यात पाऊस, उन्हाळा कोरडा' एवढे पाठ केले की परीक्षेपुरते काम भागते. परंतु 2018 साली याच शहरात घरोघरचे नळ बंद करण्याची तारीख जाहीर झाली होती, हे वाचनात आले आणि माझे कुतूहल वाढले. टँकरची वाट पाहणे आमच्या पाटोदा तालुक्याला नवे नाही. मग समुद्राकाठी वसलेल्या, जगभरचे प्रवासी जेथे हौसेने जातात अशा शहरावर ही पाळी का यावी? तेथील प्रेक्षणीय स्थळे आणि सामान्य माणसाचे रोजचे जीवन यांचा परिचय करून घेताना या प्रश्नाचेही उत्तर शोधावे, असा या लेखाचा हेतू आहे.

डोंगर आणि झरे

केप टाउनची पहिली ओळख म्हणजे टेबल माउंटन. सुमारे 1,085 मीटर उंचीच्या या डोंगराचा माथा आपल्या बालाघाटाच्या पठारासारखा सपाट आहे. उन्हाळ्यात आग्नेयेचा वारा सुटला की माथ्यावर पांढरा ढग पसरतो आणि कडेने खाली ओघळतो. 'टेबलावर चादर अंथरली' असे तेथील लोक म्हणतात. वर जाण्यासाठी 1929 पासून तारेवरून चालणारा पाळणा आहे.

हे शहर वसण्याचे कारणच मुळी या डोंगरावरून वाहणारे गोडे पाणी. 1652 साली डच ईस्ट इंडिया कंपनीच्या यान व्हान रीबेक या अधिकाऱ्याने येथे ठाणे उभारले. हिंदुस्थान आणि पूर्वेकडील बेटांकडे जाणाऱ्या जहाजांना पाणी, भाजीपाला व मांस पुरविणे हे त्या ठाण्याचे काम होते. त्याआधी हे पाणी व ही कुरणे खोईखोई नावाच्या पशुपालक लोकांची होती. कंपनीने लावलेला भाजीमळा आज शहराच्या मध्यभागी सार्वजनिक बाग म्हणून उभा आहे. जवळच्या सिग्नल टेकडीवरून रविवार सोडून रोज दुपारी बाराला तोफ उडते.

त्याच टेकडीच्या उतारावर बो-काप ही जुनी वस्ती आहे. तिची निळी, पिवळी, गुलाबी घरे छायाचित्रांतून सर्वत्र पोहोचली आहेत. डचांनी इंडोनेशिया, श्रीलंका व हिंदुस्थानातून गुलाम म्हणून किंवा राजकीय कैदी म्हणून आणलेल्या लोकांचे वंशज येथे राहतात. आजही तेथील स्वयंपाकघरात समोसा, रोटी आणि लोणचे आहे. लोणच्याला ते 'अच्चार' म्हणतात. गुलामांना वर्षातून एक दिवस सुटी मिळे, ती नववर्षाच्या दुसऱ्या दिवशी. त्या आठवणीने 2 जानेवारीला रंगीत पोशाखातील गाणारी-वाजवणारी पथके रस्त्यांवरून निघतात.

शहरात कामाला जाणारा सामान्य माणूस पंधरा माणसांच्या छोट्या टॅक्सीने जातो. दारात उभा राहून गावाचे नाव ओरडणारा पोऱ्या तिच्यातही असतो. आपल्याकडील काळी-पिवळी जीप ज्याने पाहिली आहे, त्याला हे चित्र समजावून सांगावे लागणार नाही.

कोकणातून गेलेली माणसे

मराठी वाचकाला जवळची वाटावी अशी एक गोष्ट येथे सांगितली पाहिजे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून रत्नागिरी जिल्हा व जंजिरा संस्थान या भागांतील कोकणी मुसलमान पोट भरण्यासाठी केप टाउनला गेले. त्यांतील अनेकांनी पुढे छोटी दुकाने थाटली. घरात ते आपली कोकणी बोली बोलत. ती आपल्या मराठीची सख्खी नातलग आहे. 1913 च्या कायद्याने नव्या हिंदी माणसांना प्रवेश जवळजवळ बंद झाला. आधीच स्थायिक झालेल्यांच्या बायकामुलांना तेवढी मुभा राहिली. कित्येक घरांत कर्ता पुरुष आफ्रिकेत आणि बायकामुले कोकणातल्या गावी, असा संसार वर्षानुवर्षे चालला. दरवर्षी सहा महिने उसाच्या फडावर जाणाऱ्या कुटुंबांच्या या तालुक्यात, अशा संसाराची कल्पना करणे कठीण नाही. आज तेथील तरुण पिढीच्या तोंडी मुख्यतः इंग्रजी आहे.

पुसलेली वस्ती

शहराच्या मध्याला लागून 'डिस्ट्रिक्ट सिक्स' नावाची दाट वस्ती होती. मिश्रवंशीय, आफ्रिकन, हिंदी, ज्यू असे सर्व तऱ्हेचे लोक तेथे शेजारी म्हणून राहत. 11 फेब्रुवारी 1966 रोजी वर्णद्वेषी सरकारने ही जागा केवळ गोऱ्यांसाठी असल्याचे जाहीर केले. साठ हजारांहून अधिक माणसे हलविण्यात आली आणि घरांवर बुलडोझर फिरला. उठविलेल्यांना दूरच्या वालुकामय सपाटीवर, वंशावंशाप्रमाणे वेगळ्या वस्त्यांत घरे मिळाली.

1994 साली लोकशाही आली. त्याच वर्षी तेथील एका जुन्या चर्चमध्ये या वस्तीचे संग्रहालय सुरू झाले. त्याच्या जमिनीवर जुन्या गल्ल्यांचा मोठा नकाशा अंथरला आहे आणि पूर्वीच्या रहिवाशांनी आपापल्या घराच्या जागी स्वतःच्या हाताने नावे लिहिली आहेत. नेल्सन मंडेला यांनी सत्तावीसपैकी अठरा वर्षे ज्या बेटावर तुरुंगवास भोगला, ते रॉबेन बेट पाहण्यास सर्वजण जातात. माझ्या मते ही नावे लिहिलेली जमीनही तितकीच दर्शनीय आहे.

पन्नास लिटर

2015 पासून लागोपाठ तीन वर्षे हिवाळी पाऊस फार कमी झाला. धरणे आटली. 1 फेब्रुवारी 2018 पासून माणशी दिवसाला 50 लिटर पाण्याची मर्यादा आली. म्हणजे आपल्या तीन-चार घागरी. त्यातच पिणे, स्वयंपाक, अंघोळ, धुणे सर्व आले. लोक दोन मिनिटांत अंघोळ उरकू लागले आणि ते सांडपाणी बादलीत धरून संडासाला वापरू लागले. डोंगराच्या झऱ्यावर रात्रंदिवस रांगा लागल्या. धरणे साडेतेरा टक्क्यांवर आली की नळ बंद करून सार्वजनिक ठिकाणी माणशी 25 लिटर पाणी द्यायचे, असे ठरले होते. लोकांनी वापर कमी केला, जूनमध्ये पाऊस आला आणि तो दिवस टळला.

या प्रसंगाचे कौतुक जगभर झाले, आणि ते योग्यच आहे. पण शहराच्या कडेला पत्र्याच्या खोपटांत राहणाऱ्यांना सार्वजनिक नळावरची रांग आधीही होती आणि नंतरही राहिली. 2023 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार, शहरातील 14 टक्क्यांहून कमी असलेला श्रीमंत व उच्च मध्यम वर्ग निम्म्याहून अधिक पाणी वापरतो, तर 62 टक्के गरीब लोकांच्या वाट्याला जेमतेम 27 टक्के येते. ज्यांच्या घरी बागा आणि पोहण्याचे तलाव आहेत, त्यांच्यासाठीच रांग ही बातमी होती.

समारोप

पाणी कमी असणे आणि पाणी कमी मिळणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिलीचे कारण आकाशात शोधावे लागते, दुसरीचे माणसांत. कोणाचे घर कोठे असावे हे केप टाउनमध्ये कायद्याने ठरविले, आणि तो कायदा गेल्यानंतरही नळ त्याच रेषेवर थांबलेला दिसतो.

आपल्याकडेही हा विचार करण्यास जागा आहे. मांजरा नदी आमच्या पाटोदा तालुक्यात उगम पावते आणि तिचे पाणी धनेगावच्या धरणात साठते. 2016 साली ते धरण कोरडे पडले, तेव्हा लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्या गाडीची छायाचित्रे देशभर छापून आली. उगमाजवळच्या वाड्यावस्त्यांवर डोक्यावर हंडा घेऊन चालणाऱ्या बाईचे छायाचित्र मात्र क्वचितच छापले जाते, कारण ते रोजचेच असते. आपल्या भूगोलाच्या वहीत पर्जन्यमानाच्या तक्त्याशेजारी आणखी एक रकाना आखावा असे मला वाटते : पाणी किती पडले याच्या पुढे, ते कोणाच्या घरी किती पोहोचले.