बाप तर दोघांचा एकच

आई-बाबांनो,

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेकी माहेरी येतात. लिंबाला झोके चढतात, बायका गौराईची गाणी म्हणतात, पारावर पुरुषांचा पत्त्यांचा डाव रंगतो. अशात घरातला तरणा मुलगा झिंगत आला, की आजी कपाळाला हात लावते, "बापवर गया पोऱ्या!" झोक्यावर बसलेल्या त्याच्या बहिणीकडे कुणी पाहत नाही. बाप तर दोघांचा एकच. मला तिच्याविषयी बोलायचंय.

जुळ्या भावंडांच्या अभ्यासांवरून कळतं, की दारूच्या व्यसनाच्या धोक्यात साधारण निम्मा वाटा आनुवंशिकतेचा असतो. आणि तो मुलामुलींत जवळपास सारखाच असतो. तरी २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातले सुमारे १९ टक्के पुरुष पिणारे निघाले, बायका जेमतेम १ टक्का. लेकीला आजवर राखलं ते रीतीनं. उद्या ती शिकायला धुळ्याहून पुण्याला जाईल, तेव्हा ही राखण गावातच राहील. रक्तातलं मात्र तिच्यासोबत जाईल.

अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाच्या संशोधकांनी १७३ कुटुंबांतल्या ४४९ जणांची तपासणी केली. त्यांतल्या बऱ्याच घरांत दारूचं व्यसन होतं. मेंदूला शांत करणाऱ्या यंत्रणेशी निगडित असलेल्या एका जनुकाचा विशिष्ट प्रकार ज्यांच्यात होता, त्यांच्यात व्यसनाची लक्षणं आणि उतावीळपणा जास्त दिसला. हा संबंध बायकांमध्ये अधिक ठळक होता. उतावीळपणा म्हणजे इथे मस्ती नव्हे. मन दुखावलेलं असताना आवरता न येणं. आपल्याकडे अशा मुलीला आपण 'तापट' म्हणून गप्प बसवतो.

एक जनुक कुणाला दारुडं करत नाही, हे आधी मनावर कोरून घ्या. पण बाईच्या शरीरात पाण्याचं प्रमाण कमी असतं, म्हणून तेवढ्याच दारूचा तिच्या रक्तातला अंश जास्त चढतो आणि यकृत लवकर बिघडतं. हे लेकीला कुणीतरी सांगायला हवं ना? घरात साखरेचा आजार असेल तर आपण लेकराला सांगतोच. तसंच, बापाला शिव्या न देता, एका संध्याकाळी दोघांना जवळ बसवून सांगा: आपल्या घरात हे आहे, तुम्हाला जपून राहावं लागेल. लेकीचा फोन रडवेला आला, तर "अभ्यास कर" म्हणण्याआधी काय झालं ते ऐकून घ्या. घरात कुणाची दारू सुटत नसेल, तर १४४१६ या टेलि-मानसच्या क्रमांकावर मराठीतून बोलता येतं, पैसे लागत नाहीत. हा क्रमांक तिच्याही फोनमध्ये असू द्या.