विडी वळणारे घर आणि सरकारी साहाय्य

निपाणीचे नाव तंबाखूशी कसे जोडले गेले, हे आमच्या सभासदांस सांगावयास नको. वखारीबाहेरही हे काम चालते. बाई घरीच मांडीवर सूप घेऊन विड्या वळते आणि तिची मजुरी दिवसावर नव्हे, हजार विड्यांवर ठरते. अशा घरास महागाईत सरकारचा आधार कोणत्या वाटेने पोचतो, याचा थोडा विचार येथे करावयाचा आहे.

पहिली वाट मजुरीची. किमान वेतनास जोडून राज्य सरकार महागाई भत्ता ठरविते व तो ग्राहक किंमत निर्देशांकाबरोबर बदलतो. म्हणजे जोंधळा आणि तेल महागले की हजारामागचा दरही काही काळाने वर सरकावा. योजना उत्तम, परंतु खरी गोम छाटीत आहे. पूर्वी हजार विड्या पुऱ्या घेतल्या जात होत्या असे समजा. आता दर शंभरास दहा वाढला, पण हजारांतून शंभर विड्या वाईट म्हणून काढल्या, तर हाती पडते ते जुन्या दराने ९९० विड्यांचे, म्हणजे पूर्वीपेक्षा कमीच!

म्हणून १९६६ चा विडी व सिगार कामगार कायदा आम्हांस महत्त्वाचा वाटतो. घरी बसून विड्या वळणारीलाही त्याने कामगार मानले आणि पानांचा पुरवठा, छाट व छाटलेल्या विड्यांची मजुरी यांवरील तंट्यांच्या निवाड्याची सोय केली. कारखानदार न्यायालयात गेले. सर्वोच्च न्यायालयाने १९७४ साली कायदा वैध ठरविला. भविष्य निर्वाह निधीही या धंद्यास १९७७ पासून लागू झाला व १९८५ साली घरकामगारांचा त्यावरील हक्क त्याच न्यायालयाने मान्य केला. १९६६ चा कायदा आता नव्या श्रमसंहितेत विलीन झाला असून ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आहे.

दुसरी वाट १९७६ च्या कल्याण निधीची. विड्यांवरील उपकरातून दवाखाने, मुलांच्या शिष्यवृत्त्या, घरबांधणीस मदत अशी कामे झाली. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला व हा उपकर गेला. मदत मिळावयाची तर कामगार म्हणून ओळखपत्र हवे, आणि नेमके तेथेच घोडे अडते. पान-तंबाखू बाईस विकली व विड्या तिच्याकडून विकत घेतल्या, असे कंत्राटदाराने कागदावर दाखविले की ती कामगार उरत नाही, व्यापारी ठरते! हातांना मात्र तंबाखूचा वास तोच.

तिसरी वाट थेट पैशांची. कर्नाटक सरकारने २०२३ साली गृहलक्ष्मी योजना सुरू केली व कुटुंबप्रमुख स्त्रीस दरमहा २,००० रुपये ठरविले. येथे ओळखपत्र लागत नाही, हा मोठा गुण. मात्र रेशनकार्डावर प्रमुख म्हणून जिचे नाव, पैसा तिच्या नावे. सासूचे नाव असेल, तर विड्या वळणाऱ्या सुनेच्या खात्यात काही येत नाही. शिवाय सरकारी कागद बहुधा कन्नडात. मराठी घरातील बाई तो शाळकरी मुलाकडून वाचून घेते.