झाडातील पाण्याची वाट आणि पीक सुकण्याची कारणे

वऱ्हाडातील भारी काळ्या जमिनीत ऑगस्ट-सप्टेंबर महिन्यांत एक प्रकार वारंवार दृष्टीस पडतो. पंधरा-वीस दिवसांची उघाड होते, जमिनीस भेगा पडू लागतात आणि मग एकाएकी मोठा पाऊस येतो. दुसऱ्या दिवशी स्वच्छ ऊन पडले की, आदल्या संध्याकाळपर्यंत टवटवीत असलेली, पात्या-बोंडांनी भरलेली पऱ्हाटी उभ्या उभ्या माना टाकते. बुंध्याशी चिखल असतो आणि झाड मात्र तहानलेले दिसते. दीर्घ ताणानंतर एकदम भरपूर ओलीत केल्यानेही हेच घडते. अशा वेळी पाणी कमी पडले असे समजून शेतकरी पुन्हा पाणी सोडतो आणि जे झाड वाचावयाचे तेही हातचे जाते.

ही चूक टाळावयाची असेल तर झाडात पाणी कोणत्या वाटेने चढते आणि ती वाट कोठे अडते, हे आपणांस ठाऊक असावयास हवे.

पाणी कसे चढते?

मुळांच्या टोकांजवळ अतिशय नाजूक केसांसारखे तंतू असतात. त्यांस मूलरोम म्हणतात. मूलरोमांच्या आतील रस बाहेरील मातीतल्या पाण्यापेक्षा दाट असल्यामुळे पाणी पातळ बाजूकडून दाट बाजूकडे, म्हणजे मुळाच्या आत शिरते. या क्रियेस परासरण असे नाव आहे. पुढे हे पाणी खोडातील जलवाहिन्यांत येते. जलवाहिन्या म्हणजे एकावर एक जुळलेल्या निर्जीव, पोकळ पेशींच्या बारीक नळ्या होत. त्या मुळापासून पानांच्या शिरांपर्यंत सलग गेलेल्या असतात.

पानांवरील सूक्ष्म छिद्रांतून, म्हणजे पर्णरंध्रांतून, पाण्याची वाफ सतत बाहेर पडते. वर जितके पाणी उडून जाते तितके खालून ओढले जाते. पाण्याचे कण एकमेकांस घट्ट धरून असल्यामुळे ही धार मोटेच्या नाड्याप्रमाणे न तुटता वर येते. डिक्सन व जोली या डब्लिन येथील शास्त्रज्ञांनी १८९४ साली ही उपपत्ती मांडली व आज ती सर्वत्र मान्य आहे. झाडाने घेतलेल्या पाण्यापैकी बहुतेक सर्व, शेकडा ९७ हून अधिक, असे वाफेच्या रूपाने निघून जाते. जमिनीतील नत्र, स्फुरद, पालाश इत्यादी द्रव्ये याच पाण्यात विरघळून वर येतात.

पानांत तयार झालेली साखर मात्र दुसऱ्या वाटेने जाते. सालीच्या आतल्या बाजूस जिवंत पेशींच्या रसवाहिन्या असतात. त्यांतून हे अन्न मुळांकडे, बोंडांकडे व फळांकडे पोहोचते. मुळे पानांस पाणी देतात आणि पाने मुळांस अन्न देतात. यांपैकी एक वाट बंद पडली की काही काळाने दुसरीही बंद पडते.

वाट कोठे अडते?

१. मुळाशी हवा नसणे : कपाशीची आकस्मिक मर. आरंभी सांगितलेल्या पऱ्हाटीचा हा प्रकार आहे. हा बुरशीमुळे होणारा रोग नव्हे. मुळांच्या पेशी जिवंत असतात व त्यांस श्वसनासाठी प्राणवायू लागतो. मातीतील सर्व पोकळ्या पाण्याने भरल्या की प्राणवायू मिळेनासा होतो आणि पाणी आत घेण्याचे मुळांचे सामर्थ्य झपाट्याने घटते. वर कडक ऊन असते व बोंडांचा भारही असतो. खर्च चालू राहतो, आवक थांबते आणि झाड काही तासांतच मलूल होते. उपाय पाणी देण्याचा नसून पाणी काढण्याचा आहे. चर काढून साचलेले पाणी त्वरित बाहेर काढावे आणि वाफसा येताच हलकी कोळपणी किंवा खुरपणी करून माती मोकळी करावी. नागपूर येथील केंद्रीय कापूस संशोधन संस्थेच्या शिफारशीनुसार, लक्षण दिसताच कोबाल्ट क्लोराईड १०० लिटर पाण्यात १ ग्रॅम या प्रमाणात फवारल्यास झाडे सावरतात. मात्र उशीर झाल्यास त्याचा लाभ होत नाही.

२. जलवाहिनी बुजणे : तुरीची मर. फ्युजेरियम नावाची जमिनीतील बुरशी मुळांवाटे आत शिरून जलवाहिन्यांत वाढते व त्या बुजवून टाकते. शेतात ओल पुरेशी असूनही ऐन फुलोऱ्यात किंवा शेंगा भरताना झाड वाळते. कित्येकदा आधी एखादीच फांदी वाळते. असे झाड उपटून खोड उभे चिरले असता आत तपकिरी-काळ्या रेषा स्पष्ट दिसतात. या झाडास पाणी देऊन किंवा खत घालून काहीही साधत नाही. रोगट झाडे धसकटासह उपटून जाळावीत, त्या शेतात काही वर्षे तूर घेऊ नये, ज्वारीचा फेरपालट किंवा आंतरपीक ठेवावे, बियाण्यास ट्रायकोडर्मा चोळावे व बीएसएमआर ७३६ किंवा आशा यांसारखे मर-प्रतिकारक वाण निवडावे.

३. सालीतील वाट तुटणे : संत्र्याचा डिंक्या. वरुड, मोर्शी, अचलपूर, चांदूर बाजार या भागांतील बागाइतदारांस हा रोग परिचित आहे. खोडाशी पाणी साचले की फायटोफ्थोरा बुरशी साल कुजविते व डिंक वाहू लागतो. साल कुजली म्हणजे रसवाहिन्या तुटल्या. मुळांस अन्न मिळत नाही व ती उपाशी राहून मरतात. पुढे पाने पिवळी पडतात, तेव्हा बागाइतदार खताची मात्रा वाढवितो. पण दोष खताचा नसतो. म्हणून पाणी खोडास लागू नये यासाठी दुहेरी आळे करावे, कलमाचा जोड जमिनीच्या वर राखावा आणि पावसाळ्यापूर्वी व पावसाळ्यानंतर खोडास तीन फुटांपर्यंत बोर्डो मलम लावावे. मलमासाठी मोरचूद १ किलो, चुना १ किलो व पाणी १० लिटर हे प्रमाण घ्यावे.

४. पाणी असून न मिळणे : खारपाणपट्टा. अमरावती, अकोला व बुलढाणा जिल्ह्यांतून जाणाऱ्या पूर्णा नदीच्या खोऱ्यात विहिरींचे पाणी खारट आहे. कैरीच्या फोडींस मीठ लावले की त्यांस पाणी सुटते, हे प्रत्येक गृहिणी जाणते. मातीत क्षार वाढले की मुळांबाहेरील पाणी दाट होते, परासरण मंदावते आणि ओल्या जमिनीत पीक तहानलेले राहते. शिवाय सोडियममुळे माती चिकट होऊन हवाही कोंडते. अशा पाण्याचे ओलीत वाढविल्याने क्षार आणखी साचतात. माती व पाणी तपासून घ्यावे, तपासणीच्या शिफारशीनुसार जिप्सम टाकावे, हिरवळीचे खत गाडावे, निचऱ्याचे चर राखावेत व शेततळ्यात साठविलेले पावसाचे गोडे पाणी संरक्षक ओलितास वापरावे.

शिवारात तपासणी कशी करावी?

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्याने सुकलेले पीक पाहताच पुढील क्रम ठेवावा. प्रथम बुंध्यापाशी वीतभर खोल खणून माती मुठीत दाबावी. माती कोरडी असेल तर पाणी द्यावे. ओली असेल तर पाणी बंद करून पुढील शोध घ्यावा. नंतर एक झाड उपटून मुळे पाहावीत व खोड उभे चिरावे. फळझाड असल्यास बुंध्याची साल नखाने किंचित खरवडावी. ती आतून तपकिरी निघाल्यास डिंक्याचा संशय धरावा. शेवटी मागील पंधरा दिवसांतील पाऊस व ओलीत यांची माहिती शेतकऱ्यास विचारावी.

पाण्याची वाट गावकऱ्यांस प्रत्यक्ष दाखविणेही अवघड नाही. तेरड्याचे एक रोप मुळांसह हलकेच उपटून धुवावे व लाल शाई मिसळलेल्या पाण्यात उभे करावे. काही तासांत पारदर्शक खोडातून लाल रेषा वर चढलेल्या दिसतात. दुसऱ्या रोपाचे खोड दोऱ्याने घट्ट आवळून तेच करावे, म्हणजे वाट अडल्यावर काय होते हेही कळून येते.

पाणी हे वऱ्हाडातील शेतकऱ्याचे सर्वांत मोलाचे धन आहे. सुकलेल्या झाडास ते देण्यापूर्वी मूठभर माती हाती घेऊन पाहण्याची सवय प्रत्येक शेतकऱ्याने लावून घ्यावी आणि कार्यकर्त्यांनी आपल्या गावात हे प्रात्यक्षिक या हंगामात एकदा तरी करून दाखवावे, ही विनंती.