चित्र बाजूला ठेवा, अंदाजपत्रक उघडा

वाईसारख्या गावात एखाद्या जुन्या घाटाच्या, देवळाच्या किंवा वाड्याच्या दुरुस्तीचा आराखडा चर्चेला येतो, तेव्हा फायलीत सगळ्यात वर एक रंगीत चित्र असते. तिन्हीसांजेची वेळ, दगडावर खालून सोडलेले पिवळे दिवे, पायऱ्यांवर चार टापटीप माणसे आणि कृष्णेचे पाणी कधी नव्हे इतके निळे. चर्चा होते ती या चित्रावर. दिवे जरा कमी करा, बाकडी वाढवा, कमानीवर गावाचे नाव येऊ द्या. मग आराखडा मंजूर होतो. असे आराखडे वाचता वाचता माझे मत पक्के होत गेले आहे की त्या इमारतीचे पुढे काय होणार, हे चित्रावरून काडीमात्र कळत नाही. ते कळते मागे जोडलेल्या अंदाजपत्रकावरून, आणि ती पाने उलटण्याचे कष्ट सहसा कोणी घेत नाही. त्यात बाबींचे क्रमांक, परिमाणे, दर आणि रकमा असतात. वाचायला कंटाळवाणे काम खरे, पण प्रत्यक्ष जागेवर गवंडी जे करणार असतो ते तिथेच लिहिलेले असते.

जवळपास प्रत्येक अंदाजपत्रकात असणारी एक बाब घ्या: जुना गिलावा काढून, भिंत धुऊन, 1:4 प्रमाणाचा सिमेंट-वाळूचा 20 मिलिमीटर जाडीचा गिलावा करणे, पाणी मारण्यासह. वरवर निरुपद्रवी. पण भिंत कोणती, ते पाहा. पेशवाईतल्या वाड्याची भिंत म्हणजे खाली काळ्या दगडाचे जोते, वर पांढऱ्या मातीचे नाहीतर विटांचे बांधकाम, सांध्यांत माती किंवा चुना, आणि सगळा भार तोलायला सागाचे खांब नि तुळया. ही भिंत जमिनीतली थोडी ओल नेहमीच वर ओढते आणि चुन्याच्या गिलाव्यातून ती बाहेर टाकते. सिमेंटचा थर हा रस्ता बंद करतो. ओल्या अंगावर रबरी रेनकोट चढवावा, तशी भिंतीची अवस्था होते. पाणी आत कोंडते, आणखी वर चढते, जाताना क्षार सोबत नेते. ते क्षार विटेच्या पृष्ठभागामागे साचतात, तिथेच त्यांचे स्फटिक होतात आणि वीट आतून भुगा होत जाते. भिंतीत रोवलेले तुळईचे टोक याच ओलीत कुजते, मागोमाग वाळवी येते. बाहेरून मात्र भिंत गुळगुळीत आणि नवीकोरी. काही पावसाळ्यांनी सिमेंटचे पोपडे सुटतात, तेव्हा ते विटांचा दर्शनी थर सोबत घेऊनच खाली येतात, कारण सिमेंट त्या विटेहून कडक असते. चुना विटेहून मऊ. झिजायची वेळ आली तर आधी तो झिजतो आणि तो पुन्हा लावता येतो. वीट पुन्हा आणता येत नाही.

घाटाच्या कामात हीच चूक वेगळ्या नावाने येते. तिथे बाब असते दगडी बांधकामाला सिमेंट पॉइंटिंग करण्याची. काळा दगड पाणी फारसे पीत नाही, पाणी सांध्यांतून वाट काढते. घाटाच्या भिंतीमागे मातीचा भराव असतो. पूर ओसरला की भरावात शिरलेले पाणी सांध्यांतून झिरपत नदीकडे परतते. सांधे सिमेंटने बुजवले की ते मागे तुंबून राहते, आणि एखाद्या वर्षी भिंतीला पोट सुटते. मग त्या भिंतीला धोकादायक ठरवून आरसीसीची नवी भिंत सुचवली जाते, ज्याचे अंदाजपत्रक अर्थातच आणखी मोठे.

यामागे दरवेळी कोणाचा कट असतो असे मला वाटत नाही. कारण साधे आहे. सार्वजनिक बांधकाम विभागाच्या दरसूचीत सिमेंटच्या गिलाव्याचा दर तयार असतो. तो उचलून लिहिला की तांत्रिक मान्यता सुरळीत मिळते. चुन्याच्या कामासाठी बहुतेक वेळा वेगळे दर-पृथक्करण करावे लागते: कळीचा चुना किती, सुरखी किती, चुना किती दिवस भिजवायचा, घाणीत मळायला मजूर किती, कुशल गवंडी किती दिवस लागेल. हे कागद तयार करायचे म्हणजे डोक्याला ताप, वर लेखापरीक्षणाची धास्ती. त्यापेक्षा तयार दर बरा. म्हणजे जुन्या भिंतीवर सिमेंट येते ते अनेकदा केवळ त्याचा दर छापलेला आहे म्हणून. पण 'असल्या कामांचे दरच नसतात' हे उत्तर आता चालू देऊ नये. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम विभागाने आपल्या दिल्ली दरसूचीत वारसा इमारतींच्या जतनासाठी स्वतंत्र प्रकरण घातले आहे. त्याचा आधार घेऊन स्थानिक पृथक्करण करता येते. आराखडा वाचणाऱ्याने पहिली मागणी हीच करावी. दुसरी मागणी, जिथे जिथे 'एकत्रित रक्कम' असे लिहिले असेल तिथे कामाची पद्धत लेखी द्या. 'कोरीवकामाची स्वच्छता, एकत्रित रक्कम' एवढ्या चार शब्दांत मऊ ब्रशही बसतो आणि दाबाने वाळू मारून मूर्तीचे नाक-डोळे घासून काढणारे सँडब्लास्टिंगही बसते.

अंदाजपत्रकात काय आहे, इतकेच काय नाही तेही पाहावे लागते, आणि सहसा नसतो तो पाण्याचा विचार. वाईचे ढोल्या गणपतीचे देऊळ 1762 च्या सुमारास सरदार रास्ते यांनी बांधले. देऊळ ऐन नदीकाठी आहे, म्हणून गाभाऱ्याची मागची भिंत माशासारखी निमुळती घडवली आहे. पुराचे पाणी तिच्यावर थेट आदळण्याऐवजी दुभंगून दोन्ही बाजूंनी निघून जाते. बांधणाऱ्यांनी आधी पाणी कुठून येणार आणि कसे जाणार हे ठरवले, मग शिखर. आजच्या आराखड्यांत हा क्रम उलटा झालेला दिसतो. वाड्यांचेच पाहा. वाड्याचा खांब थेट जमिनीवर उभा नसतो, त्याच्याखाली दगडी तळखडा असतो आणि तो फरशीच्या वर उचललेला असतो, म्हणजे लाकडाचा पाय कोरडा राहतो. नूतनीकरणात जुन्या फरशीवरच काँक्रीट आणि चकचकीत टाइल्स येतात, जमीन काही इंच वर चढते, तळखडा गाडला जातो आणि खांबाचा पाय कायमचा ओलीत उभा राहतो. बाहेर तर त्याहून वाईट. पेठेतला रस्ता दर वेळी जुना थर न खरवडता नव्याने डांबरी किंवा काँक्रीटचा होतो, दर वेळी उंच होतो, आणि वाड्याची पायरी, मग जोते, मग ओसरी रस्त्याच्या खाली जाते. पावसाचे पाणी गटारात जायचे ते चौकात येते. अशा वाड्याच्या भिंतीला आतून कितीही वॉटरप्रूफिंग केले तरी पैसे पाण्यातच. पण नकाशा इमारतीच्या हद्दीवर संपतो. रस्त्याचे काम वेगळ्या ठेकेदाराकडे, वेगळ्या लेखाशीर्षाखाली असते. म्हणून रस्ता, गटार, जोते आणि आतली जमीन यांच्या पातळ्या एकाच काटछेदात दाखवल्याशिवाय आराखड्यावर मत देऊ नये, असे मी आग्रहाने म्हणेन.

यावर सर्वांत जड आक्षेप सुरक्षिततेचा असतो, आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. सातारा जिल्ह्याने 1967 चा कोयनेचा भूकंप सोसला आहे, 1993 चे किल्लारी कोणी विसरलेले नाही, आणि पावसाळ्यात जुने वाडे कोसळून माणसे दगावतात हे खरेच आहे. पण किल्लारीचा दाखला देताना तो पुरा द्यावा. तिथे पडल्या त्या मुख्यतः मातीत रचलेल्या जाड, ओबडधोबड दगडी भिंती, ज्यांच्या आतल्या-बाहेरच्या थरांना जोडणारे आरपार दगड नव्हते, आणि वर मातीच्या धाब्याचे ओझे. जिथे छप्पर भिंतीऐवजी लाकडी खणांवर टेकले होते, तिथे भिंती ढासळूनही छप्पर तगून राहिल्याचे दिसले. म्हणजे वाड्याचा लाकडी सांगाडा हा त्याचा दोष नसून आधार आहे. तो निरोगी आहे की नाही एवढाच प्रश्न, आणि तिथेच तपासणी फसते. स्ट्रक्चरल ऑडिटच्या अहवालात रिबाउंड हॅमरचे आकडे दिसले तर थांबावे. ते उपकरण काँक्रीटच्या पृष्ठभागाची कठीणता मोजायचे आहे. मातीच्या विटांवर आणि चुन्याच्या गिलाव्यावर ते मारून आलेला आकडा वाड्याबद्दल काहीच सांगत नाही. लाकूड तपासायचे तर ठोकून आवाज ऐकावा लागतो, टोच्या खुपसून पाहावा लागतो, भिंतीत गेलेली तुळईची टोके उघडावी लागतात. हे न करता इमारत धोकादायक ठरवणे जितके बेजबाबदार, तितकेच हे न करता ती भक्कम आहे म्हणून तिचे गोडवे गाणेही. त्यातच सुरक्षिततेच्या नावाखाली कौले काढून स्लॅब टाकायचा प्रस्ताव येतो. पाच इंची स्लॅबचे वजन दर चौरस मीटरला तीनशे किलोच्या पुढे जाते, मंगलोरी कौलांचे छप्पर त्याच्या पाव हिश्श्याच्या आतबाहेर असते. हा भार कोणत्या खांबावर येणार, हे अहवालात लिहिलेले सापडले तर नशीब समजा.

दुसरा आक्षेप पैशाचा, आणि तो मालकांच्या तोंडून येतो तेव्हा मला त्याचे उत्तर देणे जड जाते. वाड्यात आठ-दहा हिस्सेदार, काही पुण्या-मुंबईला, भाडेकरू जुन्याच भाड्यावर, आणि वर वारशाची जबाबदारी मात्र त्यांनी घ्यायची. गावाला अभिमान, मालकाला खर्च, हा न्याय नव्हे. म्हणून सार्वजनिक घाट-देवळे आणि खाजगी वाडे यांना एकच फूटपट्टी लावू नये. सरकारी पैशातून होणाऱ्या कामाला कडक निकष हवेत. राहत्या घरात मात्र संडास, मोरी, ओटा, वायरिंग यांना मोकळेपणाने परवानगी द्यावी. पाण्याची जागा लाकडी तुळयांपासून दूर काढायचा सल्ला दिला की पुष्कळ झाले. आणि चुना महाग पडतो हा हिशेब पहिल्या वर्षाचा असतो. दहा वर्षांत दोनदा सोलून पुन्हा लावलेले सिमेंट त्यात कोणी धरत नाही. जाणते गवंडी मिळत नाहीत ही अडचण मात्र खरी आहे. सर्वांत कमी दराच्या निविदेला काम द्यायचे आणि मार्चअखेर निधी संपवायचा, या चौकटीत ते मिळणारही नाहीत. चुना आधी मुरवावा लागतो, भर पावसात तो लावता येत नाही, घाई त्याला मानवत नाही. निविदेत चुन्याच्या कामाचा पूर्वानुभव ही अट, आणि आधी भिंतीच्या एका तुकड्यावर नमुना करून दाखवणे ही दुसरी, एवढे घातले तरी पुष्कळ गाळणी होते.

तिसरा आक्षेप परंपरेच्या बाजूने येतो. आपल्याकडे जीर्णोद्धाराची रीत आहे, अहिल्याबाईंनी काशी विश्वेश्वरापासून वेरूळच्या घृष्णेश्वरापर्यंत देवळे नव्याने उभी केली, तेव्हा हे 'जसेच्या तसे' राखण्याचे खूळ कशाला? प्रश्न रास्त आहे. 1964 च्या व्हेनिस सनदेने युरोपातल्या वास्तू डोळ्यांपुढे ठेवून जो दंडक घातला, तो नांदत्या देवळाला तंतोतंत लागू करावा असे मलाही वाटत नाही. वारसा जतनाचे काम करणाऱ्या 'इंटॅक' या संस्थेच्या 2004 च्या सनदेने परंपरागत कारागिरांच्या हातून होणाऱ्या जीर्णोद्धाराला जागा दिली, ती याच जाणिवेतून. पण अहिल्याबाईंच्या पाथरवटांचे साहित्य आणि कसब जुन्या देवळांच्याच घराण्यातले होते. बाथरूमच्या टाइल्स, ग्रॅनाइट आणि दगडावरचा ऑइलपेंट यांना त्या परंपरेत बसवणे म्हणजे तिचा अपमान आहे. 2024 साली पंढरपूरच्या विठ्ठल मंदिराच्या संवर्धनात मागाहून बसवलेल्या फरशा आणि ग्रॅनाइट काढून मूळ दगड मोकळा करावा लागला. त्या फरशाही कधीतरी सुधारणा म्हणूनच बसवल्या गेल्या होत्या. एकदा बसवायचा खर्च, दुसऱ्यांदा काढायचा.

कायद्यावर फार विसंबू नये. केंद्राच्या प्राचीन स्मारक कायद्यातल्या 2010 च्या दुरुस्तीनंतर केंद्र संरक्षित स्मारकाभोवती 100 मीटर प्रतिबंधित आणि त्यापुढे 200 मीटर नियंत्रित क्षेत्र असते, हे खरे. पण महाराष्ट्रातली अशी स्मारके तीनशेही नाहीत. राज्याचा कायदा 1960 चा आहे, त्याची यादीही मर्यादित. मुंबईला 1995 पासून वारसा नियमावली आणि समिती आहे. लहान शहरात बहुतेक वाडे, घाट, पार, धर्मशाळा कुठल्याच यादीत नसतात आणि आराखडा तपासायला कोणी तज्ज्ञही बसलेला नसतो. मग ते काम शाळेतले इतिहासाचे शिक्षक, निवृत्त अभियंते, गावातले वास्तुविशारद आणि चौकस नगरसेवक यांच्यावरच येते, आणि ते जमण्यासारखे आहे. त्याला पदवीपेक्षा चिकाटी जास्त लागते. इमारतीची आजची मोजमापे आणि प्रत्येक भिंतीचे फोटो जोडले आहेत का? बिघाडाचे कारण एका पानात तरी लिहिले आहे का, की थेट उपायच सुरू झाले आहेत? जुने काढलेले लाकूड, कौले, दगड कुठे ठेवणार आणि मोजमाप पुस्तिकेत त्याची नोंद होणार का? एवढे विचारले तरी बैठकीचा नूर बदलतो.

हे सारे निविदा निघण्याआधी विचारायला हवे. कार्यादेश हातात पडल्यावर ठेकेदार बाब बदलायला तयार होत नाही, अधिकारी फेरमान्यतेच्या फेऱ्यात पडायला राजी नसतो, आणि दोघांचेही म्हणणे कागदावर बरोबर असते. म्हणून सभेच्या विषयपत्रिकेत दुरुस्तीचा विषय दिसताच अंदाजपत्रकाची प्रत मागा. सरळ मिळाली नाही तर 2005 चा माहिती अधिकार कायदा आहे, पण त्यात तीस दिवस जाऊ शकतात, तेव्हा अर्ज लवकर टाका. हरकत लेखी द्या, तीत 'वारसा', 'अस्मिता' असले शब्द न घालता बाबींचे क्रमांक घाला, प्रत्येक क्रमांकापुढे काय बदलायचे ते लिहा, आणि अर्जाची पोच घेतल्याशिवाय खिडकीवरून हलू नका.