करडईचे तेल, कोलेस्टेरॉल आणि आलेखाखालचे क्षेत्रफळ

परभणीहून रेल्वेने मानवत रोडकडे निघाले की पेडगाव लागते. काळी, ओल धरून ठेवणारी जमीन. आणि अशा जमिनीत रब्बीला करडई घेण्याची मराठवाड्याची जुनी रीत. परभणीच्या कृषी विद्यापीठाने (स्थापना १९७२) ‘शारदा’, ‘परभणी कुसुम’ असे करडईचे वाणही दिले. अलीकडे करडईचे क्षेत्र बरेच घटले आहे. पण ‘करडईचे तेल हृदयाला चांगले’ हे वाक्य मात्र अजून घरोघर ऐकू येते. ते कितपत खरे आहे?

विद्यार्थी मित्रांनो, जानेवारीतल्या एखाद्या पहाटे एका वाटीत करडईचे तेल व दुसरीत तूप ठेवून पाहा. तूप थिजते, तेल वाहतेच राहते. तुपात संपृक्त मेदाम्ले पुष्कळ असतात. त्यांच्या रेणूंच्या साखळ्या सरळ असल्यामुळे त्या मोळीतल्या काटक्यांसारख्या एकमेकींना चिकटून बसतात. करडईच्या तेलात सुमारे तीन चतुर्थांश भाग लिनोलेइक आम्लाचा असतो. त्याच्या साखळीत दोन ठिकाणी दुहेरी बंध असतात. तेथे साखळी वाकते, आणि वाकड्या काटक्यांची मोळी घट्ट बांधता येत नाही, हे कोणीही शेतकरी सांगेल.

यावरून पुष्कळांचा असा समज होतो की, वाटीत तूप थिजते तसेच ते रक्तवाहिनीतही थिजत असावे. हा समज चुकीचा आहे. खाल्लेल्या तुपाचे आतड्यात पचन होते. ते जसेच्या तसे रक्तात उतरत नाही. शिवाय कोलेस्टेरॉल म्हणजे तूपही नव्हे आणि तेलही नव्हे. तो मेणासारखा एक पदार्थ आहे आणि त्यातला बहुतेक भाग आपल्या शरीरातच तयार होतो. पेशींची आवरणे, काही संप्रेरके आणि पित्त तयार करण्यासाठी तो लागतोच. वनस्पतींच्या तेलात तो जवळजवळ नसतो. म्हणून तेलाच्या डब्यावर ‘कोलेस्टेरॉलमुक्त’ असे ठळक छापणे म्हणजे मिठाच्या पुडीवर ‘साखरविरहित’ असे छापण्यासारखेच आहे. अन्नातल्या संपृक्त मेदाचा परिणाम आडवाटेने होतो. त्यामुळे रक्तातले कोलेस्टेरॉल उचलून घेण्याचे यकृताचे काम मंदावते आणि ते रक्तात साचून राहते.

कोलेस्टेरॉल पाण्यात विरघळत नाही, म्हणून प्रथिनांच्या वेष्टनातील सूक्ष्म गोळ्यांच्या रूपाने ते रक्तातून वाहून नेले जाते. या गोळ्यांची नावे घनतेवरून पडली आहेत, याचा आम्हां भौतिकीवाल्यांना थोडा अभिमान वाटतो. कमी घनतेचे ते एल.डी.एल. आणि अधिक घनतेचे ते एच.डी.एल. रक्तद्रव अतिशय वेगाने गरगर फिरवला की, दुधातून साय वेगळी व्हावी तसे हे प्रकार घनतेनुसार वेगळे होतात. रोजच्या तपासणीत मात्र एवढा खटाटोप न करता एल.डी.एल. अनेकदा गणिताने काढतात. फ्रीडवाल्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७२ मध्ये दिलेले सूत्र असे: एकूण कोलेस्टेरॉलमधून एच.डी.एल. वजा करा आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा हिस्साही वजा करा. समजा, एका गृहस्थांच्या १०० मिलिलिटर रक्तद्रवात एकूण कोलेस्टेरॉल २३२ मिलिग्रॅम, एच.डी.एल. ३८ आणि ट्रायग्लिसराइड १८० आहे. तर २३२ − ३८ − ३६ = १५८. हे त्यांचे एल.डी.एल. (ट्रायग्लिसराइड ४०० च्या वर असेल तर हे सूत्र वापरत नाहीत.)

या गृहस्थांना काही दुखते का? अजिबात नाही. खरी अडचण इथेच आहे.

एल.डी.एल.चे कण रोहिणीच्या आतल्या अस्तरातून भिंतीत शिरतात व काही तेथेच अडकतात. पांढऱ्या पेशी त्यांना गिळतात, फुगतात, आणि वर्षानुवर्षे त्या जागी एक मऊ गाठ वाढत जाते. प्वाझय या फ्रेंच वैद्याने १८४० च्या सुमारास दाखवून दिले की, बारीक नळीतला प्रवाह त्रिज्येच्या चतुर्थ घाताच्या प्रमाणात असतो. त्रिज्या २० टक्क्यांनी घटली तर ०.८ चा चतुर्थ घात घ्या: प्रवाह सुमारे ४१ टक्केच उरतो! मग त्या माणसाला लगेच धाप का लागत नाही? कारण रोहिणी ही लोखंडी नळी नाही. पुढच्या बारीक वाहिन्या रुंदावून प्रवाह सावरून घेतात. शिवाय गाठ वाढली तरी भिंत पुष्कळदा बाहेरच्या बाजूला फुगते. अखेर एखाद्या दिवशी गाठीवरचे पातळ आवरण फाटते, तेथे रक्ताची गुठळी होते आणि हृदयाच्या स्नायूचा रक्तपुरवठा एकाएकी तुटतो. ज्या गाठीने वाट फारशी अडवलेली नव्हती, तीही अशी फुटू शकते. म्हणून ‘मी अजून शेतात दिवसभर राबतो, मला काय होणार’ हे म्हणणे फारसे भरवशाचे नाही.

आता आपल्या वेग-कालाच्या आलेखाकडे वळू. वेग म्हणजे या क्षणीची गती. कापलेले अंतर म्हणजे आलेखाखालचे क्षेत्रफळ. रक्ततपासणीचा आकडा हा वेगासारखा आहे. रोहिणीच्या भिंतीत किती साचले, हे मात्र आकडा गुणिले वर्षे, म्हणजे क्षेत्रफळ, यावर बरेचसे अवलंबून असते. याला चांगला पुरावा आहे. एल.डी.एल. सुमारे ३९ मिलिग्रॅमने उतरवणारी औषधे पाचेक वर्षे घेतली तर हृदयविकाराचे झटके व पक्षाघात मिळून सुमारे एक पंचमांशाने कमी होतात. पण ज्यांचे एल.डी.एल. आनुवंशिक कारणाने जन्मापासूनच तेवढे कमी असते, त्यांच्यात हृद्‌रोहिणीविकाराचे प्रमाण जवळजवळ निम्मे आढळते. उतार तोच, वर्षे मात्र अधिक.

मग करडईचे तेल? ते एल.डी.एल. उतरवते, हे खरे. पण ऑस्ट्रेलियात सिडनी येथे १९६६ ते १९७३ या काळात हृदयविकार होऊन गेलेल्या ४५८ पुरुषांवर एक प्रयोग झाला. निम्म्यांना संपृक्त मेदाऐवजी करडईचे तेल व त्यापासून केलेले मार्गारीन दिले. त्यांचे कोलेस्टेरॉल उतरले; मृत्यू मात्र १७.६ टक्के झाले, आणि नेहमीचा आहार घेणाऱ्या गटात ११.८ टक्के! या प्रयोगाच्या जुन्या नोंदींचा पुन्हा अभ्यास करून २०१३ मध्ये पूर्ण निष्कर्ष प्रसिद्ध झाले. प्रयोग लहान होता आणि मार्गारीनमधील दोषाची शंकाही घेतली जाते. एवढ्यावरून करडई वाईट ठरत नाही. पण आकडा उतरला म्हणजे माणूस वाचला, असे गृहीत धरता येत नाही. माणसे किती वाचली तेच मोजावे लागते.

स्टॅटिन गटाच्या औषधांबाबत ते मोजले गेले. जपानमधील शेतकरी कुटुंबात जन्मलेले अकिरा एन्दो यांनी हजारो बुरशी तपासून १९७३ मध्ये या गटातला पहिला पदार्थ मिळवला. यकृतातील कोलेस्टेरॉलची निर्मिती तो रोखतो. मग यकृत रक्तातले एल.डी.एल. अधिक उचलते. स्कँडिनेव्हियात ४,४४४ हृदयरोग्यांवर झालेल्या आणि १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात, नुसती साखरेसारखी गोळी घेणाऱ्यांपैकी २५६ दगावले, तर सिम्व्हास्टॅटिन घेणाऱ्यांपैकी १८२.

गोळी कोणाला द्यायची, हे डॉक्टर एका आकड्यावरून ठरवत नाहीत. वय, रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान आणि घरात कोणाला लहान वयात झटका आला होता का, हे सारे मिळून धोका ठरतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या तक्त्यांपैकी एकात तर कोलेस्टेरॉलऐवजी उंची आणि वजन वापरले आहे. जेथे प्रयोगशाळा दूर आहे अशा गावच्या दवाखान्यातही तो चालतो. भारतीय हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२४ मध्ये सांगितलेली एल.डी.एल.ची मर्यादा कमी धोक्याच्या माणसाला १०० च्या आत, अधिक धोक्याच्या माणसाला ७० च्या आत आणि अत्यंत अधिक धोक्याच्या माणसाला ५५ च्या आत अशी आहे. पहिली तपासणी १८ व्या वर्षी, आणि घरात हृदयविकार असेल तर त्याआधीच करावी, असेही ते सुचवतात.

आणि मग नेहमीचे घडते. तीन महिन्यांनी अहवाल चांगला येतो आणि गृहस्थ गोळी बंद करतात. उतारावरच्या बैलगाडीचा वेग आटोक्यात आला म्हणून ब्रेक सोडण्यासारखेच हे. काही आठवड्यांत आकडा पुन्हा पूर्वीच्या जागी येतो. गोळीने स्नायू दुखू लागले तर डॉक्टरांना सांगावे. ते मात्रा किंवा औषध बदलतात.

शेवटी एक गणित. सदाशिवचे एल.डी.एल. २० व्या वर्षापासून १६०. ५० व्या वर्षी औषध सुरू झाल्यावर ते ८०. त्याच्याच वयाच्या महादूचे पहिल्यापासून १२०, औषध नाही. ६० व्या वर्षी सदाशिवचा अहवाल अधिक चांगला दिसेल; पण क्षेत्रफळ काढा: सदाशिवचे १६० × ३० + ८० × १० = ५,६००; महादूचे १२० × ४० = ४,८००. सदाशिवचे औषध किती वर्षे आधी सुरू झाले असते, तर दोघांची बरोबरी झाली असती? वहीत आलेख काढून पाहा.