दोष कोठे दडला आहे?

प्रस्तुत पाठात एका संगणकीय खेळाच्या निमित्ताने दोष शोधण्याची एक सोपी रीत समजावून दिली आहे. खेळ न खेळणाऱ्यांनाही ती उपयोगी पडेल.

बेंगळुरूमधील सदर पत्रप्पा रस्ता, म्हणजेच एस. पी. रोड, संगणकाच्या सुट्या भागांसाठी प्रसिद्ध आहे. संगणक मंदावला की पुष्कळ लोक तेथे जाऊन अधिक मेमरी विकत घेतात. कधी हा खर्च सार्थकी लागतो. मात्र दोष यंत्रात नसून त्यात भरलेल्या सामग्रीत असेल, तर पैसे जातात आणि दोष तसाच राहतो. ‘द सिम्स’ या खेळात हे वारंवार दिसते.

विल राइट यांच्या कल्पनेतून साकारलेला हा खेळ २००० मध्ये प्रसिद्ध झाला. यात शत्रू नाही, जय-पराजय नाही. खेळाडू घर बांधतो, त्यात माणसे वसवितो, त्यांची नोकरी, लग्न, भांडणे सांभाळतो. एकेक कुटुंब अनेक पिढ्या चालते. ते बिघडले तर कित्येक महिन्यांचे श्रम वाया जातात. कंपनी या खेळाला विस्तार-संच जोडत गेली. त्याखेरीज खेळाडू स्वतःही कपडे आणि वस्तू घडवून एकमेकांना देतात. मुंबईच्या पोशाखांवर बेतलेला एक छोटा संच कंपनीनेच २०२१ मध्ये आणला. पण नऊवारी किंवा पितळी समई हवी असेल तर हौशी कारागिरांचाच आधार.

प्रथम मंदपणा आणि बिघाड यांत भेद करावा. २००९ मध्ये आलेल्या ‘द सिम्स ३’ मध्ये सबंध गाव एकाच वेळी चालू असते आणि त्याला ११ विस्तार-संच जोडता येतात. गाव जितके भरते, तितकी चाल मंदावते. शिवाय विंडोजवरील हा खेळ ३२-बिट पद्धतीचा असल्याने ४ जीबीहून अधिक मेमरी तो वापरूच शकत नाही. संगणकात ८ जीबी असताना केवळ या खेळासाठी आणखी ८ जीबी विकत घेणे व्यर्थ होय.

खुर्च्या दिसेनाशा होणे, माणसे जागीच थिजणे, ही मात्र बिघाडाची लक्षणे. २०१४ च्या ‘द सिम्स ४’ मध्ये बाहेरून आणलेल्या सर्व फाइली ‘मॉड्स’ नावाच्या फोल्डरमध्ये असतात. कंपनीने खेळात सुधारणा केली की जुन्या फाइली त्याच्याशी जुळत नाहीत. म्हणून अशा सुधारणेनंतर खेळ त्या आपोआप बंद करतो. त्या घाईने पुन्हा सुरू करू नयेत.

शोधाला लागण्यापूर्वी जतन केलेल्या कुटुंबांची प्रत दुसरीकडे ठेवावी. मग ‘मॉड्स’ फोल्डर बाहेर काढून खेळ चालवून पाहावा. तरीही बिघाड राहिला, तर त्या फाइली निर्दोष समजाव्यात. बिघाड गेला, तर निम्म्या फाइली परत ठेवून पुन्हा पाहावे. तो दिसला तर दोष याच निम्म्यांत, नाहीतर उरलेल्यांत. सदोष निम्म्याचे पुन्हा दोन भाग करावेत. ५१२ फाइलींपैकी एकच सदोष असेल, तर अशा ९ चाचण्यांत ती सापडते. एकेक फाइल तपासत बसणाऱ्याला ५११ चाचण्याही कराव्या लागतील!

कधी कधी दोन्ही भाग वेगवेगळे उत्तम चालतात आणि एकत्र आणताच बिघडतात. अशा वेळी दोष एका फाइलीचा नसतो. दोन फाइलींचे परस्परांशी पटत नसते. मग एक भाग तसाच ठेवून दुसऱ्याची विभागणी करावी. त्यातील फाइल सापडली की तिची जोडीदार पहिल्या भागात याच रीतीने शोधावी.

कृती : एका माळेतील ६४ दिव्यांपैकी एक जळाला आहे आणि त्यामुळे सगळी माळ बंद आहे. माळेचा कोणताही भाग वेगळा तपासता येतो असे समजून, किती चाचण्यांत तो दिवा सापडेल ते लिहा.